हार्ली अर्ल
हार्ली जे. अर्ल (२२ नोव्हेंबर, १८९३:हॉलिवूड, कॅलिफोर्निया - १० एप्रिल, १९६९:वेस्ट पाम बीच, फ्लोरिडा) हे अमेरिकन मोटार-आरेखक होते. विक्रीसाठी नव्हे, तर लोकांची आवड अजमावण्यासाठी गाडी बांधण्याची प्रथा, म्हणजेच संकल्पना मोटार, प्रामुख्याने त्यांच्यामुळे रुळली.

अर्ल यांचे वडील घोडागाड्या बांधत. पुढे त्यांच्या कारखान्यात चित्रपट नटांसाठी खास मोटारी घडू लागल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून अर्ल तेथेच काम करू लागले. १९२७ ची लासाल गाडी यशस्वी ठरल्यावर जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी नवा 'कला व रंग' विभाग त्यांच्याकडे सोपवला. तोवर मोठ्या कंपन्यांत गाडीचे रूप बहुधा अभियंतेच ठरवीत.

१९३८ च्या ब्युइक वाय-जॉबमध्ये झाकले जाणारे दिवे व विजेवर चालणाऱ्या काचा होत्या. ही गाडी अर्ल अनेक वर्षे स्वतः वापरत. १९५१ च्या ल सेबरचे छत पाऊस पडताच आपोआप बंद होई. गॅस टर्बाइनवर चालणारी फायरबर्ड-१ तर चाके लावलेले जेट विमानच भासे. जानेवारी १९५३ मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात मांडलेली फायबरग्लासची कॉर्व्हेट मात्र त्याच वर्षी उत्पादनात आली. त्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या.

लढाऊ विमानावरून सुचलेले शेपटीचे पंख १९४८ च्या कॅडिलॅकवर प्रथम आले आणि १९५९ पर्यंत अवाढव्य झाले. दरवर्षी रूप पालटून चांगली गाडी जुनाट ठरवली जाते, ही टीका अर्ल यांच्या धोरणावर झाली, व ती निराधार नव्हती. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले बिल मिचेल यांनी पुढे हे पंख हळूहळू उतरवले.