यूजीन हूड्री : गाडीच्या धुरामागे लागलेला इंजिनिअर

डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिन लाइट पेटला, मेकॅनिकने स्कॅनर लावला आणि पी०४२० कोड आला, की तो म्हणतो कॅट गेलंय. हे कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपमध्ये इंजिनच्या बाजूला बसवलेला डबा. तो ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या यूजीन हूड्रीची ही गोष्ट.

हूड्रीचा जन्म १८९२ चा, पॅरिसजवळच्या दोमाँ गावचा. वडिलांचा पोलादाचा कारखाना होता. पोरगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला, फुटबॉलही जोरात खेळायचा. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सच्या रणगाडा दलात होता आणि १९१७ मध्ये जखमी झाला. युद्धानंतर त्याला रेसिंग कारचं वेड लागलं. रेसिंग म्हटलं की चांगलं पेट्रोल हवं, आणि तिथूनच तो घरचा धंदा सोडून पेट्रोल बनवण्याच्या मागे लागला.

आधी त्याने लिग्नाइट कोळशापासून पेट्रोल काढून पाहिलं. जमलं, पण परवडलं नाही. मग तो जड तेलाकडे वळला. खास प्रकारच्या मातीवरून गरम तेलाची वाफ नेली की तेल तुटून उत्तम पेट्रोल होतं, हे त्याला सापडलं. या मातीला म्हणायचं कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक. तो रासायनिक क्रिया घडवतो, पण स्वतः खर्च होत नाही. अडचण एकच होती. थोड्याच वेळात मातीवर कार्बनची काजळी चढायची आणि काम थांबायचं. हूड्रीने ती काजळी हवेने जाळून माती परत ताजी करायची युक्ती काढली. माझ्या मते त्याची खरी कमाल इथेच आहे.

१९३० मध्ये तो अमेरिकेला गेला. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हूक इथे सन ऑइलचा मोठा प्लांट सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना या पद्धतीचं पेट्रोल मिळालं. नाझींपुढे झुकलेल्या विशी सरकारला हूड्रीने उघड विरोध केला, म्हणून त्या सरकारने त्याचं फ्रेंच नागरिकत्वच काढून घेतलं. १९४२ मध्ये तो अमेरिकन झाला.

१९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरक्याची चर्चा सुरू झाली. ज्याने आयुष्यभर पेट्रोल बनवलं, तोच आता त्याच्या धुराने फुप्फुसांचं काय होतं या काळजीत पडला. त्याने ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली. आधी कारखान्यांच्या चिमण्या, मग गोदामातले फोर्कलिफ्ट, मग कार. १९५६ मध्ये पेटंटही मिळालं.

पण गाडी अडली ती शिशावर. तेव्हा इंजिनचं नॉकिंग थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं घालत. त्याचा थर उत्प्रेरकावर बसला की कन्व्हर्टर निकामी. काजळी जाळता येते, शिसं नाही.

आज पेट्रोलमध्ये शिसं नाही, तरी तुमचं कॅट मरू शकतं. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस उत्प्रेरकावर बसतो. स्पार्क प्लग मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. मग पिकअप जातो, चढावर गाडी दम टाकते, मायलेज घटतं. कुजक्या अंड्यासारखा वास येतो. गाडीखालून खडखड ऐकू आली तर आतली जाळी फुटली समजा. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाढलेला दिसतो. मात्र पी०४२० आला म्हणून लगेच हजारो रुपये घालू नका. कधी नुसता ऑक्सिजन सेन्सर खराब असतो, कधी पाइप लीक असतो. आधी ते तपासून घ्या. आणि मिसफायर तसाच ठेवून नवीन कॅट बसवलंत, तर तेही जळणार.

हूड्री १९६२ मध्ये वारला. तोवर रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये त्याचं यंत्र सर्रास बसलेलं नव्हतं. अमेरिकेत १९७० च्या कायद्यानंतर, १९७५ च्या मॉडेल्सपासून कन्व्हर्टर आले आणि सोबत बिनशिशाचं पेट्रोलही. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, आणि २००० मध्ये देशभरातल्या पंपांवरून शिशाचं पेट्रोल गेलं.