केडगावचं जुनं चर्च आणि हजारो लेकींना आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाई

केडगाव (ता. दौंड) : पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. गावातलं मुक्ती मिशन आणि तिथलं जुनं, ऐसपैस चर्च आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पण ते उभं करणाऱ्या बाईंनी लहानपणी स्वतः किती हाल काढले, हे फार थोड्यांना माहीत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे आईनेच रमाबाईंना शिकवलं. घरदार असं नव्हतंच. तीर्थक्षेत्रं फिरायची, पुराण सांगायचं, मिळेल त्यावर भागवायचं. दुष्काळ पडला आणि अन्नाविना आई, वडील, थोरली बहीण एकामागोमाग गेले. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

दोघं पायी देश फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन विशीतल्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं; दोन वर्षांतच पटकीने तेही गेले. पदरात तान्ही मनोरमा.

बाई डगमगल्या नाहीत. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत फिरून निधी उभा केला आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई इथंच शिकल्या.

१८९३ मध्ये मात्र वाद पेटला. मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला. केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

संस्थेचा खर्च फळबागेतून निघावा म्हणून बाईंनी केडगावला जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात तीच कामी आली. मध्य प्रांतात उपासमारीने मरणाऱ्या मुली त्यांनी स्वतः जाऊन आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून माळरानावर मुक्काम पडला. तेच मुक्ती सदन. १९०० पर्यंत तिथं दीड हजारांच्या आसपास माणसं आणि शंभरावर जनावरं होती. शेती, दूधदुभतं, विणकाम, छपाई ही सगळी कामं मुलीच करायच्या.

शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. लेकीचं दुःख सोसतही काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच डोळे मिटले.

त्यांच्या धर्मांतरावर आजही मतं वेगळी असतील. पण उपाशी पोरींना माळावरून हाकलायचं की घरात घ्यायचं, या प्रश्नाचं उत्तर बाईंनी देऊन ठेवलंय. पुढच्या वेळी केडगाव स्टेशनवर गाडी थांबली, तर एवढं जरूर आठवा.