भास्कराचार्य (दुसरे)

भास्कराचार्य (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील थोर गणिती व ज्योतिर्विद होत. सातव्या शतकातील याच नावाच्या गणितज्ञापासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांना 'दुसरे' म्हणतात. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. ते नेमके कोणते, याविषयी मतभेद आहेत. विजापूर, बीड आणि चाळीसगावजवळील पाटण (जि. जळगाव) ही नावे पुढे केली जातात. पाटणचा शिलालेख त्यांच्या घराण्याचे खानदेशाशी असलेले नाते सिद्ध करतो. जन्मस्थान मात्र त्यावरून ठरत नाही.

वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. गोलाध्यायातील ध्रुवाचे विवेचन विशेष सुबोध आहे. विषुववृत्तावरील माणसाला दोन्ही ध्रुव क्षितिजाला टेकलेले दिसतात. तो उत्तरेकडे जाऊ लागला की उत्तर ध्रुव वर चढतो आणि मेरूवर थेट माथ्यावर येतो. ध्रुवाची ही उंची म्हणजेच त्या स्थळाचा अक्षांश. पाटण येथे ती २० अंशांहून थोडी अधिक, तर जळगाव व धुळे येथे सुमारे २१ अंश भरते. त्या काळी आजचा ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ५ अंश दूर होता, त्यामुळे एकदाच वेध घेऊन काढलेला अक्षांश चुकू शकला असता. वेधांसाठी अनेक यंत्रे वर्णूनही भास्कराचार्यांनी बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र मानले. केवळ एका काठीने ध्रुवाचा वेध घेण्याची रीत त्यांनी दिली आहे.

'करणकुतूहल' हा पंचांगगणिताचा ग्रंथ त्यांनी इ.स. ११८३ मध्ये, उतारवयात लिहिला. लीलावती ही त्यांची कन्या असल्याची प्रसिद्ध कथा फैजीच्या फारसी अनुवादात (इ.स. १५८७) येते, पाटणच्या लेखात तिचा उल्लेख नाही.

पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपालाने दरबारी नेले. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला. त्या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने दान दिले. इ.स. १२०७ च्या या संस्कृत लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून, गावातील प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असे त्यात नमूद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख अभ्यासकांसमोर आणला.