पक्ष्यांचे मित्र : डॉ. सलीम अली



मागच्या थंडीत चौथीचा एक मुलगा बेचकीने मारलेला पक्षी घेऊन वर्गात आला. मी त्याला सगळ्यांसमोर रागावले, बेचकी काढून घेतली. तो मान खाली घालून बसला. घरी गेल्यावर लक्षात आलं, त्याला मला एक प्रश्न विचारायचा होता: हा कुठला पक्षी? मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात डॉ. सलीम अली यांची गोष्ट सांगितली. तीच आज इथे देत आहे.

बालपण आणि ती चिमणी

सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचं छत्र अगदी लहानपणीच हरपलं. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना खेतवाडीतल्या घरी वाढवलं. मामांना शिकारीचा छंद होता. भाच्याच्या हातात त्यांनी छर्ऱ्याची बंदूक दिली आणि हा मुलगा चिमण्या टिपू लागला.

एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कोणती? मामांनाही सांगता येईना. पण त्यांनी प्रश्न उडवून लावला नाही. चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे, म्हणजे बीएनएचएसकडे पाठवलं. ही संस्था 1883 पासून मुंबईत काम करते.

1908 सालची ही गोष्ट. संस्थेचे सचिव मिलार्ड हे इंग्रज गृहस्थ. जेमतेम बारा वर्षांचा हा मुलगा मेलेली चिमणी घेऊन घाबरत घाबरत त्यांच्यासमोर उभा राहिला. मिलार्ड साहेबांनी चिमणी ओळखली, ती पीतकंठी चिमणी होती. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कपाटं उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी त्याला दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. त्या दिवशी मुलाच्या आयुष्याला वळण लागलं.

पदवी नाही, नोकरीही गेली

शाळेत सलीम काही हुशार विद्यार्थी नव्हते. गणिताची तर भीतीच. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात भावाकडे गेले. तिथला खाणीचा आणि लाकडाचा धंदा काही जमला नाही, कारण लक्ष सगळं जंगलातल्या पक्ष्यांकडे! परत आल्यावर सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले, पण विद्यापीठाची पदवी हाती नव्हती. त्यामुळे सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा हुकली.

1926 मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पुढे ते रजा घेऊन जर्मनीला गेले आणि प्रोफेसर स्ट्रेझमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकले. 1930 मध्ये परतले तर काय, पैसे नाहीत म्हणून त्यांची जागाच बंद झालेली!

मग पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची घरटी होती. बेकार माणसाकडे वेळ भरपूर. आडोशाला बसून ते महिनोन्‌महिने बघत राहिले. त्यातून कळलं ते असं: घरटं नर विणतो, तेही अर्धंच. मादी येऊन तपासते. तिला पसंत पडलं की मग नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! शतकानुशतकं आपल्या डोळ्यांसमोर लटकणारी ही घरटी, पण एवढं नीट कुणी पाहिलंच नव्हतं.

1939 मध्ये तहमिना गेल्या. हा घाव मोठा होता, पण काम थांबलं नाही. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. पुढे डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी 10 खंडांचा ग्रंथ लिहिला.

हिवाळी पाहुणे येतात कुठून?

उत्तरेकडची तळी हिवाळ्यात गोठतात, किडे आणि पाणवनस्पती मिळेनाशा होतात. म्हणून हजारो पक्षी आपल्याकडे येतात. पण कुठला पक्षी कुठून आला, हे कळायचं कसं? सलीम अलींच्या पुढाकाराने बीएनएचएसने पक्षी पकडून त्यांच्या पायात हलकं कडं घालून सोडून द्यायला सुरुवात केली. कड्यावर क्रमांक आणि मुंबईला कळवण्याचा मजकूर. भरतपूरला कडं घातलेली बदकं पार रशियाच्या हद्दीत सापडली! ज्या हातांनी चिमण्या टिपल्या, तेच हात आता पक्षी जिवंत सोडत होते. भरतपूरचं पक्षीवन आणि केरळची सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठीही त्यांनी आवाज उठवला.

1958 मध्ये पद्मभूषण, 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं. पॉल गेटी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनासाठी देऊन टाकली. जून 1987 मध्ये नव्वदीत त्यांचं निधन झालं. गोव्यात चोडण बेटावरच्या अभयारण्याला त्यांचं नाव आहे. कोल्हापूरहून सहल काढायला छान जागा!

आपण काय करू शकतो?

आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींची जयंती. त्या निमित्ताने मुलांना सकाळी रंकाळ्यावर किंवा कळंब्याच्या तलावावर न्या. काठाने शेपटी वरखाली हलवत पळणारा धोबी हा हिवाळी पाहुणा मुलांना पटकन ओळखता येतो. वहीत चार रकाने आखा: तारीख, जागा, पक्षी काय करत होता, रंग आणि आकार. नाव नाही आलं तरी चालेल, ते नंतर शोधता येतं.

गोष्ट संपल्यावर मी त्या मुलाची बेचकी परत दिली नाही, पण त्याला एक वही दिली. आम्ही दोघांनी मिळून पुस्तकात त्या पक्ष्याचं नाव शोधलं, तो बुलबुल होता. आता वर्गात सगळ्यात जास्त नोंदी त्याच्याच आहेत. मिलार्ड साहेबांनी त्या दिवशी मुलाला नुसतं रागावून परत पाठवलं असतं तर? एखादं मूल प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभं राहिलं की मला आता हेच आठवतं.