जांबचे समर्थ आणि समर्थांचे जांब

चैत्र शुद्ध नवमीच्या मध्यान्ही देवळोदेवळी रामरायाचा पाळणा हालतो, गुलाल उधळला जातो आणि सुंठवड्याचा प्रसाद हाती येतो. याच पुण्यतिथीस, शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ साली, आजच्या जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई या सत्त्वशील दांपत्याच्या पोटी एक पुत्र जन्मास आला. त्याचे नाव नारायण. ज्येष्ठ बंधू गंगाधर हे संप्रदायात श्रेष्ठ या नावाने वंदिले जातात. या नारायणाचेच पुढे समर्थ रामदास झाले आणि जांब गावाचे जांब समर्थ झाले. एका चरित्राने माणसाचेही नाव पालटले व भूमीचेही.

पुण्यक्षेत्रांची नावे सहज पडत नाहीत. पाच वटांमुळे पंचवटी, तर शूर्पणखेच्या नासिकाछेदाची आठवण म्हणून नाशिक, असे परंपरा सांगते. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथातही अशीच एक कथा आहे. याकोब नावाचा पुरुष घर सोडून जात असता वाटेत दगड उशाशी घेऊन निजला. स्वप्नात त्याला स्वर्गास भिडलेली शिडी दिसली. जागा होताच त्याने त्या ठिकाणास बेथेल म्हटले. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ देवाचे घर. त्या जागेचे जुने नाव लूझ होते, आणि त्या शब्दाचा अर्थ बदामाचे झाड. आपल्या जांब शब्दातही संस्कृत जंबू वृक्षाची छाया जाणवते. वृक्षाचे नाव निसर्ग देतो. देवाचे नाव जोडले जाण्यास मात्र कोणीतरी तेथून सर्वस्व सोडून निघावे लागते.

नारायण तसाच निघाला. बालपणीच पितृछत्र हरपलेले; मातेने मोठ्या आशेने विवाह योजिला. वय अवघे बारा वर्षांचे. मंगलाष्टकांतील सावधान हा शब्द कानी पडताच मुलगा खरोखरीच सावध झाला व बोहल्यावरून निघून गेला, अशी कथा सर्वश्रुत आहे. तो नाशिकास पोहोचला. तेथे गोदावरी व नंदिनी यांच्या संगमाजवळ टाकळी येथे त्याने बारा वर्षे तप केले. प्रातःकाळी नदीच्या जलात उभे राहून गायत्री व राममंत्राचा जप, दुपारी माधुकरी, त्यानंतर ग्रंथांचे अध्ययन, असा त्याचा नित्यक्रम. तेथेच नारायण हे नाव मागे पडले आणि रामाचा दास हीच ओळख उरली.

त्यानंतर पुन्हा बारा वर्षे भारतभर तीर्थाटन झाले. परंतु या चोवीस वर्षांचे मोल कोणी दिले? जांबच्या घरात बसलेल्या राणूबाईंनी. पुत्राच्या वाटेकडे पाहता पाहता आणि रडता रडता त्या माउलीची दृष्टी गेली, असे चरित्रकार सांगतात. तीर्थाटन संपवून समर्थ आपल्याच दारी भिक्षेकऱ्याच्या वेषात उभे राहिले. जग ज्यास रामदास म्हणत होते, तो त्या अंध मातेसाठी अजून नारायणच होता. त्याने नेत्रांवरून हात फिरविताच तिला दिसू लागले, अशी श्रद्धा आहे. विरक्ताने संसार सोडला, पण मातेचे ऋण नाकारले नाही, हे या प्रसंगाचे सार आहे. लग्नमंडपातून पळाला तो भ्याड होता काय, या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. जो परत येऊन आईच्या पायाशी बसतो, तो पळालेला नसतो. तो मोठ्या कामास गेलेला असतो.

पुढे समर्थ कृष्णातीरी आले. शके १५७० मध्ये, म्हणजे इ. स. १६४८ साली, त्यांनी चाफळ येथे राममंदिर उभारले, आणि त्या परिसरात अकरा मारुतींची स्थापना केली. गावोगावी बलोपासना व रामोपासना एकत्र नांदू लागली. शिवछत्रपतींनी १६७३ साली परळीचा किल्ला घेतला. तेथे समर्थांचे वास्तव्य झाले आणि किल्ल्याचे नाव सज्जनगड पडले. ज्या गडास तट व बुरूज होते, त्यास नाव मिळाले ते तेथे राहणाऱ्या सत्पुरुषावरून! शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे १६८२ साली, त्यांनी तेथेच देह ठेवला. ती तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते. जन्मही नवमीचा, निर्याणही नवमीचेच.

जांब समर्थच्या राममंदिरातील प्राचीन मूर्ती २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात चोरीस गेल्या, तेव्हा सारा भक्तवर्ग व्याकुळ झाला होता. त्याच वर्षी पोलिसांनी मूर्ती शोधून काढल्या व गावाचा जीव भांड्यात पडला. मूर्ती राखण्यास कुलपे हवीत, पहारा हवा, हे त्या प्रसंगाने शिकविले. गावाच्या नावात शिरलेले समर्थ मात्र कोणी चोरून नेऊ शकत नाही. ते आपल्याच आचरणाने झिजते किंवा उजळते. आज मध्यान्ही पाळण्याची दोरी हाती घेताना रामरायापुढे हेच मागणे मागावे, की आमच्या नावासही आमच्या कर्मामुळे कधी उणेपणा न यावा. जय जय रघुवीर समर्थ!