मसमकचा दरवाजा आणि तायफचा तह

मंडळी, रियाधला आमच्याकडे कोणी पाहुणे आले की मी त्यांना हमखास मसमक किल्ला दाखवायला नेतो. तिथल्या लाकडी दरवाजात रुतलेलं भाल्याचं टोक पाहिलं की आमच्या चिरंजीवांना सिंहगड आठवतो! जानेवारी १९०२ मध्ये कुवेतच्या विजनवासातून आलेल्या तरुण अब्दुलअझीझ इब्न सौद यांनी मूठभर साथीदारांसह रशीदींच्या सुभेदाराला मारून हा किल्ला घेतला. सौदी राज्याची सुरुवात झाली ती इथून.

पण किल्ला घेणं वेगळं आणि राज्य टिकवणं वेगळं. भटक्या टोळ्या आज इकडे, उद्या तिकडे. म्हणून १९१२ च्या सुमारास त्यांना वस्त्या करून बसवायला सुरुवात झाली, धर्माची शिकवण दिली गेली आणि त्यातून 'इखवान' ही कडवी फौज उभी राहिली. १९२१ मध्ये हाईल, १९२४ मध्ये मक्का, १९२५ मध्ये जेद्दा, या साऱ्यात इखवानचा मोठा वाटा होता.

१९२७ मध्ये जेद्दाच्या तहाने ब्रिटिशांनी इब्न सौद यांचं स्वातंत्र्य मान्य केलं. पण इखवानला सरहद्दीच मान्य नव्हत्या. इराक आणि कुवेतवर त्यांच्या धाडी चालूच राहिल्या. आता तहाचा शब्द पाळायचा की जुन्या साथीदारांचं ऐकायचं? मार्च १९२९ मध्ये सबिला इथे राजाने आपल्याच माणसांवर हत्यार उचललं. त्यांचा पुढारी फैसल अल-दुवैश १९३१ मध्ये रियाधच्या कैदेत वारला. आमच्या आयटीत नवी सिस्टीम उभी करण्यापेक्षा जुनी बंद करणं अवघड असतं. इथे तर माणसांचे जीव गेले.

२३ सप्टेंबर १९३२ ला 'सौदी अरेबिया' जाहीर झाला. १९३४ मध्ये येमेनशी लढाई जिंकूनही तायफच्या तहात राजाने होडेदा बंदर सोडलं आणि नजरान, जिझान, असीर राखलं. कुठे थांबायचं ते त्यांना कळत होतं.

याच तायफमध्ये ९ नोव्हेंबर १९५३ ला त्यांचं निधन झालं. पुढे १९८९ मध्ये लेबनॉनच्या यादवीवरचा करारही तिथेच झाला. बहुतेक टोळ्यांनी शस्त्रं खाली ठेवली, हिजबुल्लाने नाही. त्याची किंमत तो देश पुढे कितीतरी वर्षं मोजत राहिला.

परतताना चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, ते तर त्यांचेच मित्र होते ना?" खरं सांगतो, गाडी घरी पोहोचेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

शुभ दीपावली!