काळ्या चिखलातला जिवाणू शोधणारे बायरिंक

कालव्याच्या तळाचा काळा गाळ ढवळला की कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. या वासामागचा जिवाणू १८९५ साली शोधून काढला नेदरलँड्सच्या मार्टिनस बायरिंक यांनी. विषारी धातूंनी दूषित झालेलं पाणी जिवाणूंकडून स्वच्छ करून घेण्याच्या एका महत्त्वाच्या पद्धतीचं मूळ या शोधात आहे.

बायरिंक यांचा जन्म १८५१ चा, ॲमस्टरडॅमचा. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाला आणि घरची परिस्थिती बेताची झाली. तरी काकांच्या मदतीने ते डेल्फ्टला रसायनशास्त्र शिकले. तिथे त्यांच्याबरोबर राहणारा मित्र म्हणजे पुढे रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळवणारे व्हान्ट हॉफ. शिक्षण संपल्यावर बायरिंक यांनी बरीच वर्षं शिकवण्यात घालवली. १८८५ मध्ये डेल्फ्टच्या यीस्ट आणि मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्याने त्यांना नोकरी दिली. काम कारखान्याचं, पण १८८८ मध्ये त्यांनी तिथे असताना शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतला, नत्र बांधणारा जिवाणू वेगळा केला. १८९५ मध्ये ते डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाले.

त्यांची पद्धत साधी होती. हवा तो सूक्ष्मजीव शोधत बसायचं नाही. त्याला मानवेल असं अन्नपाणी तयार ठेवायचं आणि त्यात थोडा गाळ टाकायचा. बाकीचे मागे पडतात, हवा तो वाढतो. गाळातला हा जिवाणू त्यांना असाच सापडला. हवा नसलेल्या जागी तो ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतो आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतो. पाण्यात विरघळलेलं जस्त, कॅडमियम किंवा शिसं या वायूला भेटलं की न विरघळणारं सल्फाइड बनून तळाला बसतं. जिवाणू धातू खातो, असा समज मात्र चुकीचा आहे. धातू नाहीसा होत नाही, तो पाण्यातून फक्त वेगळा होतो.

नेदरलँड्समधल्याच बुडेल इथल्या जस्त कारखान्यात १९९२ पासून दूषित भूजल याच गटातल्या जिवाणूंनी साफ केलं जाऊ लागलं. त्यांना खायला इथेनॉल दिलं गेलं आणि हाती आलेलं जस्ताचं सल्फाइड पुन्हा भट्टीत गेलं. हे जिवाणू निसर्गातलेच, जनुकं न बदललेले. पण त्यांना ऑक्सिजन चालत नाही आणि ते वाढतातही सावकाश. म्हणून २००० च्या सुमारास अमेरिकेत साल्मोनेलाचं सल्फाइड तयार करणारं जनुक ई. कोलायमध्ये घातलं गेलं. त्या ई. कोलायनेही प्रयोगशाळेत पाण्यातलं कॅडमियम, शिसं आणि जस्त काढून दाखवलं. असे बदललेले जिवाणू उघड्या नदीत सोडणं मात्र वेगळी गोष्ट, आणि तिथे सावधगिरी रास्तच आहे.

माणूस म्हणून बायरिंक अवघड होते. विद्यार्थ्यांवर ते करडी नजर ठेवत. संशोधकाने लग्न करू नये असं त्यांचं मत होतं. स्वतः ते अविवाहितच राहिले. तंबाखूच्या पानांवरचा रोग जिवाणूंपेक्षा वेगळ्याच संसर्गाने होतो, हे त्यांनी १८९८ मध्ये सांगितलं आणि विषाणू ही कल्पना रुजवली. १९२१ मध्ये निवृत्त होऊन ते बहिणींसह गॉर्सेल या खेड्यात राहायला गेले. १ जानेवारी १९३१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.